सशीण पिल्लांजवळ बसतच नाही!

प्रश्न: आमच्या सशिणीला परवा पहाटे ५ पिल्लं झाली, पण ती त्यांच्याजवळ फिरकतच नाहीये, दिवसभर लांब कोपऱ्यात बसून गवत खात असते. सासूबाई म्हणतात तुम्ही हात लावला म्हणून टाकली. ड्रॉपरने गाईचं दूध पाजू का?

उत्तर: अहो थांबा, गाईचं दूध नकोच! सशीण काही मांजरीसारखी पिल्लांना कुशीत घेऊन बसत नाही, दिवसातून एखाद-दोनदा, बहुतेक रात्री नाहीतर पहाटे येते, चार-पाच मिनिटांत पाजते आणि निघून जाते, कारण रानात सारखं बिळाशी घुटमळलं तर शिकाऱ्याला पत्ता लागतो ना. सकाळी हात धुऊन एकेक पिल्लू उचलून बघा, पोट गोल टम्म असेल तर पाजलंय, पण पोट खपाटीला, कातडी सुरकुतलेली, अंग गार असं असेल तर लगेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. हात लावल्याने पाळीव सशीण सहसा पिल्लं टाकत नाही (हे सासूबाईंना तुम्हीच सांगा, मला मध्ये घेऊ नका). तिने स्वतःच्या पोटाचे केस उपटून घरट्यात घातले असतील, कचरा समजून फेकू नका, उघड्या अंगाच्या पिल्लांची तीच दुलई. डोळे १०-१२ दिवसांनी उघडतील.

आणि हो, नर त्याच पिंजऱ्यात आहे का? असेल तर आजच वेगळा करा, व्याल्याव्याल्या ती पुन्हा गाभण राहू शकते, मग साधारण ३१ दिवसांत दुसरं वेत!