कानस

प्रिय मुली,

तुझ्या फिल्मची दोन्ही व्हर्जन्स काल रात्री हेडफोन लावून बघितली. मेसेजही वाचला. ‘सर, सगळे म्हणतात मधली चार मिनिटं रिकामी वाटतात, म्हणून हलकासा पियानो टाकलाय. तुम्ही सांगाल ते ठेवते.’ मी सांगेन म्हणून काही ठेवू नकोस. पण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, हे तुलाही ठाऊक असणार, नाहीतर रात्री पावणेदोनला मेसेज केला नसतास.

किल्लीवाले आजोबा पितळी तुकडा पकडीत धरतात, कानस फिरवतात, फुंकर मारतात, डोळ्यासमोर धरून बघतात, परत कानस. चार मिनिटं. त्यात रिकामं काय आहे? कानशीचा आवाज सुरुवातीला जाडाभरडा आहे, खाच खोल होत जाते तसा बारीक होतो. ते तुला शूटिंगच्या वेळी ऐकू आलं होतं, म्हणून तर माइक इतका जवळ धरलास. मग आता त्यावर पियानो का? बघणाऱ्याला कान असतात गं.

तुला ‘रिफिफी’ हा सिनेमा बघायला सांगितलं होतं. बघितला नाहीस, कारण बघितला असतास तर हा प्रश्नच विचारला नसतास. पॅरिस, 1955. चार माणसं एका सराफी दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या घरात शिरतात, जमीन फोडून खाली उतरतात, तिजोरी पाठीमागून कापतात. हे जवळजवळ अर्धा तास चालतं. त्या अर्ध्या तासात संवाद नाही आणि संगीतही नाही. दुकानातली धोक्याची घंटा नुसत्या हादऱ्यानेही वाजते, म्हणून छिन्नीचा प्रत्येक ठोका जपून. जमिनीला छोटं भोक पडलं की त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि खालच्या बाजूला उघडतात. फुटलेला चुना दुकानाच्या फरशीवर पडायच्या ऐवजी छत्रीत पडतो. तो पडतानाचा आवाज ऐक. पुढे आग विझवायच्या नळकांड्यातला फेस त्या घंटेत भरून तिचं तोंड बंद करतात. टोनी नावाचा म्होरक्या तुरुंगातून खोकला घेऊन आलाय. त्या शांततेत त्याला ढास लागते तेव्हा आपल्याच घशात खवखवतं. ही युक्ती कुठल्या वाद्याने जमेल, सांग.

आता ऐक, तुझ्या कामाची गोष्ट. संगीतकार होता जॉर्ज ओरिक. नवशिका नव्हे, त्या काळी फ्रान्समधलं मोठं नाव. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ त्याला म्हणाला, या प्रसंगाला संगीत नको. ओरिकने ऐकलं नाही. तू अडचणीत येशील, मी लिहून ठेवतो, असं म्हणून त्याने अख्ख्या प्रसंगाचं संगीत लिहून काढलं. दासँने त्याला तो प्रसंग दोनदा दाखवला, एकदा संगीतासकट, एकदा त्याशिवाय. ओरिकनेच सांगितलं, काढून टाक. लिहिणाऱ्यानेच! तुझा पियानो तर तू लिहिलेलाही नाहीस. कुठल्या तरी लायब्ररीतून उचललेला, आणखी दहा हजार जणांनी लावलेला. तो काढताना तुझा जीव एवढा का जातो?

तू म्हणशील, त्यांचं ठीक आहे, ते पॅरिसमधले मोठे लोक. मोठे? दासँ अमेरिकन. 1951 मध्ये हॉलीवूडच्या एका सहकारी दिग्दर्शकाने अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून त्याचं नाव घेतलं आणि त्याचं काम बंद पडलं. फ्रान्समध्ये एक सिनेमा मिळाला, तर अमेरिकेतून दबाव आला आणि शूटिंग तोंडावर आलेलं असताना त्याला काढलं. चार-पाच वर्षं हा माणूस रिकामा बसला होता. ‘रिफिफी’ची कादंबरी त्याला आवडली नव्हती, त्यातली चोरांची बोली धड कळतही नव्हती. नाही म्हणायला गेला आणि हो म्हणून आला, कारण पैसे हवे होते. बजेट दोन लाख डॉलर, म्हणजे तिकडच्या हिशेबाने चिल्लर. स्टार परवडत नव्हते. इटालियन तिजोरीफोड्याचं काम करणारा नट ऐनवेळी मिळाला नाही, तर पेर्लो विता असं नाव लावून स्वतःच उभा राहिला. आणि एवढ्या चणचणीत हट्ट काय, तर पॅरिसमध्ये ऊन पडलं की शूटिंग नाही, आभाळ राखाडीच हवं! निर्माता डोक्याला हात लावून बसला असेल. (मला हा हट्ट फार आवडतो. माझ्या बायकोला नाही. आमच्या घरात अशा हट्टांची किंमत तिने मोजली आहे.)

अडीचशे पानांच्या कादंबरीत ती चोरी जेमतेम दहा पानांची होती. त्याने तिला सिनेमाचा चौथा हिस्सा दिला. लेखक ऑग्यूस्त ल ब्रेताँ खवळला. दासँच सांगायचा, की पटकथा वाचून त्याने ‘माझं पुस्तक कुठाय?’ असं तीनदा विचारलं आणि टेबलावर पिस्तूल ठेवलं. दासँ हसत सुटला आणि मग दोघांची दोस्ती झाली. तुझ्या ग्रुपमधल्या कुणी अजून पिस्तूल काढलेलं नाही. ‘थोडं स्लो आहे’ एवढंच म्हणालेत.

माझी चिडचिड होतेय, आणि ती तुझ्यावर नाही. पस्तीस वर्षांपूर्वी मी तांबट आळीवर एक माहितीपट एडिट केला होता. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी. साउंडवाला माझा मित्र, वयाने मोठा. मठारकामाचे, म्हणजे तांब्याच्या भांड्यावर ठोकून खळगे पाडायचे, ठोके धरायला दोन दिवस तो हंड्यांच्या गराड्यात उकिडवा बसला होता. तांबं ठोकलं की कडक होत जातं, आणि तसतसा ठोक्याचा आवाज चढत जातो. हे त्याने मला एडिटिंग टेबलावर बोट धरून ऐकवलं. मी सहा मिनिटं तशीच ठेवली, नुसते ठोके. मग वरून निरोप आला, प्रेक्षकाला कंटाळा येईल, सतार टाका. मी टाकली. भांडलो नाही. एका दुपारीत काम उरकलं. प्रसारण झालं त्या रात्री मित्राचा फोन आला. सतारीबद्दल अवाक्षर नाही. एवढंच म्हणाला, ‘तिसऱ्या हंड्याचा शेवटचा ठोका तुटलाय रे.’

माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, घराचा हप्ता होता, पुढची कामं त्याच लोकांकडून येणार होती. हे सगळं खरं आहे. ती कामं आली, हप्ता फिटला. आज तशीच वेळ आली तर मी काय करीन, असं तू विचारशील म्हणून आधीच सांगतो: भांडेन. पण आज हप्ता नाही, तेव्हा या उत्तराला फारशी किंमत देऊ नकोस. मात्र एक लक्षात घे. मला निदान कुणीतरी हुकूम दिला होता. तुला कुणीच दिलेला नाही. तुझी चौदा मिनिटांची फिल्म, तुझाच लॅपटॉप, कुणाचे पैसे अडकलेले नाहीत आणि तरी तू आपण होऊन सतार शोधत फिरतेस!

‘रिफिफी’त तो तिजोरीफोड्या एका गाणारीला चोरीतली अंगठी देऊन बसतो, दुसऱ्या टोळीच्या हाती सापडतो, आणि साथीदाराचं नाव सांगतो. टोनी येतो तेव्हा त्याला बांधून ठेवलेलं असतं. तू मला आवडायचास, पण नियम तुलाही माहीत आहेत, अशा अर्थाचं काही तरी बोलून टोनी त्याला गोळी घालतो. हे दृश्य करताना आपल्याला नावं सांगणारे मित्र आठवत होते, असं दासँने नंतर सांगितलं. आणि त्या खांबाला बांधलेला, म्हणजे नाव सांगणाऱ्याच्या जागी, तो स्वतः. नट मिळाला नाही म्हणून, मान्य. तरी मी ते दृश्य बघतो तेव्हा मला खांबाला बांधलेल्या माणसाच्या जागी एडिटिंग टेबल दिसतं. कान चित्रपट महोत्सवात दासँला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, वगैरे वगैरे. ते तू वाचशीलच.

आता तुझ्या फिल्मकडे. पियानो काढ. पहिल्या मिनिटात रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज फेड केलायस, तोही परत आण. कानशीचा बारीकपणा त्याच्याशेजारी कळतो. संगीत नको म्हणजे नुसती पट्टी कोरी सोडायची असं समजू नकोस. दासँचा अर्धा तास भरगच्च आहे, श्वास, दोर, चुना, यंत्राची घरघर. बघणाऱ्याला कान असतात, पण त्यांना ऐकायला काही तरी द्यावं लागतं.

आणि एक. पियानोशिवायच्या व्हर्जनमध्ये तिसऱ्या मिनिटाला आजोबांचे खांदे दोनदा हलतात आणि आवाज येत नाही. तिथे ते खोकलेत. तू ‘क्लीन’ केलंस ना? मूळ साउंड फाइल ठेवली असशील तर तो खोकला जागेवर लाव. डिलीट केली असशील तर रविवारी सकाळी दुकानापाशी भेट. आजोबा साडेनऊला फळी उघडतात म्हणालीस. रेकॉर्डर मी आणतो, मित्राचाच आहे, त्याच्या मुलाने मला देऊन टाकला. सेल तेवढे नवीन आण.

तुझा,
सर