अण्णा गेला, मुलांना काय सांगू?

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात माझा चुलत भाऊ वारला. सोलापुरात साखर पेठेत आम्ही चार काकांची मुलं एकाच घरात वाढलो. पुढच्या खोलीत दोन माग, मागं आम्ही. अण्णा दहावीनंतर मागावर उभा राहिला आणि त्या पैशांवर माझं कॉलेज झालं. आता मी पुण्यात असते. माझी मुलं म्हणतात, "कझिनच होता ना, मग एवढं का रडतेस?" काय उत्तर देऊ?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी पोटभर रडून घ्या. मुलांना पटेपर्यंत थांबू नका.

मीही सोलापुरातच, अशोक चौकाजवळच्या अशाच घरात वाढले. मागाचा खडखडाट एवढा, की जेवताना भातसुद्धा खुणेनं मागायचा. लाइट गेली, माग थांबले की तान्ही बाळं दचकून उठायची. शांततेची सवयच नव्हती त्यांना. रात्रपाळीचे काका पहाटे आले की आम्हाला उठवून त्याच चादरीवर आडवे व्हायचे. एक काकू चुलीपाशी, एक मागासाठी सुताच्या कांड्या भरायला, आई विड्या वळायला. अशा घरात धाकट्यांना वाढवायचं काम थोरल्या भावंडांकडेच जातं.

माझ्या वाट्याला थोरल्या काकांची मुलगी आली, अक्का. मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, कात्री. हात विड्या वळायचे आणि तोंड माझे पाढे घ्यायचं. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे झाले की हजार. पंचवीसचा पाढा मी त्या सुपापाशी शिकले. विडी कारखान्यात माल द्यायला जाताना ती मला मुद्दाम न्यायची. तपासणारा खराब म्हणून मूठ-मूठ विड्या बाजूला टाकायचा. "तू मोज, मोठ्यानं मोज," ती म्हणायची. मी परकर सावरत ओरडून मोजायचे आणि त्याची मूठ लहान व्हायची. चारचौघांत बोलायला मला तिनं असं शिकवलं. लग्न होऊन ती भिवंडीला गेली तेव्हा मला ताप भरला होता. आता ती नाही, आणि चुलत हा शब्द तिच्या नावाआधी मला आजही लावता येत नाही.

म्हणून मुलांना नातं समजावत बसू नका. कागदावर घराचा नकाशा काढा. माग कुठं, नळ कुठं, माळ्यावर कोण झोपायचं, तुम्ही अभ्यासाला कुठं बसायचात, अण्णा कुठं उभा असायचा. एवढ्याशा जागेत इतकी माणसं कशी, असं मुलं विचारतीलच. मग आजोबा-पणजोबांचं सांगा. सोलापुरात 1877 साली पहिली कापड गिरणी सुरू झाली, पुढं आणखी गिरण्या आल्या, माग वाढले. तेलंगणातल्या करीमनगर, वरंगळ, नलगोंड्याकडच्या विणकरांना निजामाच्या मुलखात पोट भरणं अवघड होतं. आधी एक भाऊ यायचा, त्याचा जम बसला की दुसरा, मग बायका-पोरं. आल्या माणसाला परत धाडायचं नाही, म्हणून एका खोलीत चार संसार.

मात्र एक जपा. "तेव्हा सगळेच एकमेकांसाठी करायचे" असं म्हणून अण्णाचं करणं लहान करू नका. घरानं तुम्हाला जागा दिली हे खरं, पण शाळा त्यानं सोडली. किती मार्क होते त्याला, कोणता विषय आवडायचा, पहिला पगार कुणाच्या हातात दिला, हे मुलांना नावानिशी कळू द्या. आठवत नसेल तर काकूंना विचारा. नारळी पौर्णिमेला आपल्या विणकरांच्या दैवताचा, मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा बाहेरगावी गेलेली भावंडं येतातच. मुलांना घेऊन या, प्रत्येकाकडे अण्णाचं वेगळं काही निघेल.

पण वहिनींकडे त्याआधी जा, फोनवर भागवू नका. त्याला स्वतःला काय शिकायचं होतं, हे त्यानं तुम्हाला कधी सांगितलं नसेल, त्यांना सांगितलं असेल. आणि त्याच्या मुलांच्या यंदाच्या फीचं काय झालं, तेही विचारा.