ऑस्मोलॅलिटी : घनता नको, तहान आठवा

दर्यापूर भागातल्या एका आरोग्यसेविका ताईंनी विचारलंय : उन्हात काम करून भोवळ आलेल्या मजुराच्या रिपोर्टवर ‘सीरम ऑस्मोलॅलिटी ३१२’ आहे, याला ‘रक्ताची घनता’ म्हटलं तर चालेल का? घरची मंडळी आधीच ‘रक्त घट्ट झालं’ म्हणतायत.

ताई, घनता नका म्हणू. घनतेत वजन येतं, इथं मोजतात ते विरघळलेले कण. आपल्याकडं कापूस क्विंटलवर जातो, पण संत्र्याच्या बागेचा सौदा हजार फळांवर बोलला जातो. ऑस्मोलॅलिटी हा दुसऱ्या जातीचा हिशेब. मीठ पाण्यात पडलं की सोडियम आणि क्लोराइड असे दोन नग होतात, साखरेचा एकच राहतो. रक्तातली प्रथिनं वजनाला भारी, पण या मोजणीत जवळजवळ हिशेबात येत नाहीत. आणि ‘घट्ट’ ऐकलं की लोकांना रक्त पातळ करायच्या गोळ्या आठवतात. तो घोळ तर अजिबात व्हायला नको.

मोजायची रीत सुंदर आहे. नमुना गोठवून बघतात. पाण्यात कण जितके जास्त, तितकं ते शून्याच्या खाली जाऊन गोठतं. निरोगी माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी आणि गाठ वगळून उरलेला पातळ भाग, उणे ०.५४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि त्यावरून आकडा निघतो : दर किलो पाण्यामागं साधारण २७५ ते २९५ मिलिऑस्मोल (हे कण मोजायचं एकक). (दर लिटर द्रावणामागं मोजलं तर ती ऑस्मोलॅरिटी.)

आता मूळ शब्द, ऑस्मॉसिस. लोणच्याच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं, तेच हे. मीठ बाहेर जास्त, म्हणून फोडीतलं पाणी तिकडं ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण खेड्यात ‘सरण’ म्हणजे चिता. खाटेवरच्या माणसासमोर तो उच्चारू नये असं मला मनापासून वाटतं. विश्वकोशातला ‘तर्षण’ मला फार आवडतो. तो ‘तृष्’ धातूचा, आणि त्याच धातूच्या तृष्णेपासून तण्हा, तण्हापासून आपली तहान, वऱ्हाडातली ‘तान’. नातं नुसतं व्याकरणातलं नाही : रक्ताचा हा आकडा टक्का-दोन टक्के वाढला की मेंदू तहान लावतो. म्हणजे तान लागते ती बहुतेक वेळा ऑस्मोलॅलिटी वाढल्यामुळं!

म्हणून लिहिताना ऑस्मोलॅलिटीच ठेवा, डॉक्टरांशी बोलताना तोच शब्द लागेल. शिकवायचं असेल तर माझ्या मते ‘तर्षणमान’ म्हणा. घरच्यांना मात्र एवढंच सांगा : ‘रक्तातलं पाणी कमी पडलंय, क्षार दाटलेत.’