डायरेक्टर गेले, आता बॅचचं काय?

नाशिकमधल्या एका फुटबॉल क्लबच्या युवा अकादमीचे संचालक हंगामाच्या मध्यावर दुसऱ्या क्लबकडे गेले. त्यानंतर पालकांची, प्रशिक्षकांची आणि एका क्लब-सचिवांची पत्रं आमच्याकडे आली. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे, तीन वर्षं एकाच अकादमीत जातो. डायरेक्टर सर दुसऱ्या क्लबमध्ये गेल्यापासून ग्रुपवर दुसरा विषयच नाही. बॅचमधली सात-आठ मुलं त्यांच्यामागे निघाली आहेत. आमचाही हटून बसलाय. पाठवावं का? – एक आई, इंदिरानगर

आधी एक गोष्ट तपासा. तुमच्या मुलाला मैदानावर रोज शिकवतं कोण? संचालकाचं काम वेगळं असतं. वर्षाचा आराखडा आखायचा, प्रशिक्षक नेमायचे, वयोगट पाडायचे, कोणत्या स्पर्धेत कोणता संघ उतरवायचा ते ठरवायचं, दुखापतींची नोंद ठेवायची, पालकांशी बोलायचं. मुलाच्या पायातल्या चेंडूशी रोजचा संबंध बॅचच्या प्रशिक्षकाचा असतो. तो प्रशिक्षक राहणार असेल तर मुलाचं फारसं काही गेलेलं नाही. पण आपल्याकडच्या लहान क्लबांत संचालक स्वतःच पंधरा वर्षांखालची बॅच घेतात. तसं असेल, किंवा बॅचचा प्रशिक्षकही त्यांच्याबरोबर चालला असेल, तर प्रश्न खरा आहे.

पहिले दोन आठवडे फरक दिसत नाही, कारण जुनंच वेळापत्रक चालू असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रशिक्षक कमी पडू लागतात आणि तेरा व पंधराची बॅच एकत्र केली जाते. फी भरणाऱ्याला ही तात्पुरती सोय वाटते, पण नुकसान इथेच होतं. एकशे पंचेचाळीस सेंटिमीटरचा मुलगा एकशे सत्तरच्या मुलासमोर चेंडू घेऊन वळायला धजत नाही, मिळाला की देऊन टाकतो. दोन-तीन महिने असं चाललं की चेंडू लगेच देऊन मोकळं व्हायची सवयच लागते.

म्हणून संध्याकाळी सरावाच्या वेळी दोनदा जाऊन दहा-दहा मिनिटं रेषेबाहेर उभ्या राहा आणि फक्त तुमच्याच मुलाकडे बघा. तो रांगेत किती वेळ उभा आहे? सोळा मुलं एका गोलसमोर एकाच रांगेत असतील आणि प्रत्येकाला दहा सेकंद लागत असतील, तर पाळी एकशे साठ सेकंदांनी येते. वीस मिनिटांत सात, फार तर आठ किक. तीच सोळा मुलं चारास चार अशी दोन छोट्या मैदानांत वाटली तर चेंडू सतत कुणाच्या ना कुणाच्या पायात असतो आणि निर्णयही घ्यावे लागतात. संचालक गेल्यावर अकादमी घसरतेय की नाही, हे नोटीस बोर्डावरून कळत नाही, या रांगेवरून कळतं. रांगा लांबत नसतील, गट वयाप्रमाणे राहिले असतील, स्पर्धांचे प्रवेश वेळेत गेले असतील, तर थांबा. आमच्या मते सहा आठवडे थांबल्याशिवाय निर्णय घेऊच नये.

माणसामागे जाण्यात आणखी एक धोका आहे. तो माणूस पुन्हा निघू शकतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटी क्लबच्या अकादमीसाठी खेळाडूभरतीचं काम पाहणारे जो शील्ड्स 2022 मध्ये तिथल्याच साउदॅम्प्टन क्लबकडे गेले. त्याच उन्हाळ्यात सिटीतून रोमिओ लाविया, गॅविन बझुनू, सॅम्युएल एडोझी आणि हुआन लारिओस हे तरुण खेळाडू साउदॅम्प्टनला आले. काही महिन्यांतच शील्ड्स चेल्सी या तिसऱ्या क्लबकडे निघाले. 2023 मध्ये साउदॅम्प्टन प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या लीगमधून, खाली गेलं आणि लाविया चेल्सीला गेला. बाकीच्यांना मात्र ज्या माणसाने आणलं तो नसताना पुढचा रस्ता काढावा लागला. उलट सिटीच्या अकादमीचं बघा. तिचे संचालक मार्क ॲलन 2017 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबकडे गेले, त्यांच्या जागी जेसन विल्कॉक्स आले, तेही 2023 मध्ये साउदॅम्प्टनला गेले. अकादमी चालू राहिली, कारण कामाची पद्धत एकाच माणसाच्या डोक्यात नव्हती.

मुलाला सरांची ओढ आहे, तिला हसू नका. सरांना भेटायला जाऊ द्या, बोलू द्या. फक्त सकाळी नव्या अकादमीत आणि संध्याकाळी जुन्या, असं करू नका. या काळात बरेच पालक नेमकं हेच करतात. दोन्हीकडच्या प्रशिक्षकांना एकमेकांचा भार माहीत नसतो. आठवड्याचे सरावाचे आणि सामन्यांचे एकूण तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, म्हणजे तुमच्या मुलासाठी जास्तीत जास्त तेरा. या वयात उंची झपाट्याने वाढते आणि हाडांच्या वाढत्या टोकांवर ताण येतो. टाचेच्या मागे दुखतं, नाहीतर गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखतं. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण करा. वाढ जोरात असेल तेव्हा उड्या आणि धावण्याचा भार कमी करायला सांगा.

प्रश्न : संचालकांचं नाव बघून वर्षाची फी एकरकमी भरली. तीन महिन्यांत ते गेले. पैसे परत मिळतील का? – एक पालक, सातपूर

केवळ संचालक गेले म्हणून क्लबची सेवा सदोष ठरत नाही. जाहिरातीत, माहितीपत्रकात किंवा पावतीवर 'सर स्वतः प्रशिक्षण देणार' असं लिहिलं होतं का, आठवड्याची सत्रं कमी झाली का, ठरलेल्या दर्जाचे प्रशिक्षक आहेत का, हे पाहिलं जातं. पावती, माहितीपत्रक आणि क्लबच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच जपून ठेवा, कारण संचालक गेल्यावर जुन्या पोस्ट उडवल्या जातात.

मग क्लबला ईमेल किंवा स्पीड पोस्टने पत्र पाठवा. किती महिन्यांचे पैसे भरले, किती सत्रं झाली, किती रक्कम परत हवी, ते आकड्यांत लिहा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. समजा फी 24,000 रुपये होती आणि तीन महिने झाले, तर उरलेल्या नऊ महिन्यांचे 18,000 मागा. संपूर्ण फी परत मागू नका, त्याने दावा दुबळा होतो. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तरी नाही जमलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. यापुढे मात्र तिमाही फी भरा.

प्रश्न : आमच्या अकादमी संचालकांनी महिन्याची नोटीस दिली आहे, शेजारच्याच क्लबमध्ये जात आहेत. त्यांना अडवता येईल का? त्यांच्याकडून काय काय ताब्यात घ्यावं? – सचिव, नाशिकरोड

नोटीस काळात करार लागू असतो आणि त्या काळात त्यांनी तुमचंच काम करायला हवं. पण नोकरी संपल्यावर 'दोन वर्षं जिल्ह्यातल्या दुसऱ्या क्लबसाठी काम करायचं नाही' असं कलम असेल तर भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 पुढे ते टिकत नाही. इंग्लंडमधले क्लब अशा वेळी पगार चालू ठेवून माणसाला नोटीस संपेपर्यंत घरी बसवतात. ती चाल पैसेवाल्यांची. तुमच्यासाठी हा महिना त्यांना घरी बसवण्यात घालवणं म्हणजे स्वतःचंच नुकसान, कारण सगळी माहिती त्यांच्याकडे आहे. शेवटचा पगार अडवू नका आणि पालकांसमोर त्यांच्याविषयी वाईट बोलू नका. पालक दोन्ही बाजू ऐकतात.

ताब्यात घेण्याचं काम पहिल्याच दिवशी सुरू करा आणि सुरुवात नोंदणीपासून करा. भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, क्लबचं खातं कोणाच्या ईमेलवर आणि कोणाच्या मोबाइलवर आहे? बहुतेक ठिकाणी ते संचालकाच्या खासगी ईमेलवर असतं. माणूस जातो, आणि स्पर्धेच्या प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कळतं की पासवर्ड बदलायचा दुवा त्यांच्याच मेलवर जातोय. क्लबच्या नावाचा ईमेल काढा, खातं त्यावर आणा आणि ते समोर बसून, त्यांच्या देखत करा.

नंतर मुलांच्या फाइली. प्रत्येकाची जन्मदाखल्याची प्रत, आधार, पालकांची संमती, दोन फोन नंबर, रक्तगट, दमा किंवा फिट्सचा त्रास, जुनं फ्रॅक्चर. यातलं बरंचसं संचालकाच्या फोनच्या गॅलरीत पडलेलं असतं. ते क्लबच्या ड्राइव्हवर घ्या आणि त्यांच्या फोनमधून काढून टाकायला लेखी सांगा. लहान मुलांची कागदपत्रं जुन्या माणसाच्या फोनमध्ये राहू देऊ नयेत.

कागदावर कधीच नसते ती मुलांविषयीची माहिती. कोणाचा कोणता पाय चालतो, कोण रागावलं की गप्प होतो, कोणाच्या घरी बाबांची शिफ्ट असल्यामुळे बुधवारी सोडायला कोणी नसतं. प्रत्येक बॅचसाठी अर्धा तास संचालक आणि त्या बॅचचे प्रशिक्षक समोरासमोर बसवा आणि दर मुलामागे दोन ओळी लिहून घ्या : सध्या काय शिकवतोय, आणि काय सांभाळायचं. ऐंशी मुलं असली तरी दोन-तीन संध्याकाळीत होतं. हे झालं नाही तर नवा माणूस तेच धडे पहिल्यापासून सुरू करतो आणि वर्ष वाया जातं.

मैदानाची परवानगी आणि टर्फचं बुकिंग कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. काळ्या मातीचं मैदान जूनमध्ये चिखल होतं. पावसाळ्यातल्या टर्फच्या वेळा आधीच पक्क्या केलेल्या असतात, आणि बुकिंग त्यांच्या ओळखीवर असेल तर त्या वेळा त्यांच्याबरोबर जातात. साहित्य मोजून घ्या : साईज 4 आणि साईज 5 चे चेंडू वेगवेगळे, बिब्स, कोन, जाळ्या, पंप, प्रथमोपचार पेटी. व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिन बदला.

सगळ्यात घाई मात्र सहायक प्रशिक्षकांची करा. संचालक आधी त्यांना बोलावतात आणि मुलं त्यांच्यामागे जातात. दोन दिवसांच्या आत प्रत्येकाशी एकेकट्याने बोला. पगार, वेळा आणि महासंघाच्या डी किंवा सी प्रशिक्षक-परवान्याच्या कोर्सची फी क्लब देणार का, हे स्पष्ट सांगा. पालकांना त्याच दिवशी एक पत्र जाऊ द्या : प्रभारी कोण, कोणते प्रशिक्षक राहताहेत, कोणत्या तारखेपर्यंत वेळापत्रक बदलणार नाही. पत्राला आठवडा लागला तर अफवा आधी पोचते. प्रभारी म्हणून घरचाच अनुभवी प्रशिक्षक तीन महिने ठेवा आणि नवा संचालक सावकाश शोधा.

प्रश्न : सर आता दुसऱ्या शहरातल्या निवासी अकादमीचे प्रमुख आहेत. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन या म्हणतात. तो दहावीत आहे. – एक पालक, देवळाली कॅम्प

बोर्डाची परीक्षा होईपर्यंत थांबवा. अधल्यामधल्या वेळी शाळा सोडल्याचा दाखला काढून दुसरीकडे प्रवेश मिळवताना बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म अडकू शकतो. खरी संधी असेल तर ती एप्रिलमध्येही असेल.

एका दिवसाच्या ट्रायलवर भरवसा ठेवू नका. पाच दिवस राहून सराव करू द्या आणि तुम्ही स्वतः आदल्या रात्री पोचा. पहाटे निघून चार-पाच तास प्रवास करून थेट मैदानात उतरलेला मुलगा अर्धाच दिसतो. मैदानापेक्षा खोली, संडास आणि स्वयंपाकघर नीट बघा. एका खोलीत किती मुलं, रात्री वॉर्डन कोण, डॉक्टर किती लांब, मुलाचा फोन कधी मिळतो? मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी नाव घेऊन कोणाकडे आहे, ते विचारा. प्रशिक्षकाने एकट्या मुलाला गाडीतून नेऊ नये किंवा खोलीत बोलावू नये असा लेखी नियम नसेल, तर ओळखीचे सर असले तरी पाठवू नका.

अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य नाही, पण तुम्ही पालक म्हणून केलेली सही तुमच्या अंगाशी येऊ शकते. 'मध्येच सोडल्यास इतकी रक्कम' हे वाक्य कुठे आहे ते शोधा. नोंदणीची बदली सीआरएसमधूनच आणि ठरलेल्या मुदतीत होते, त्यामुळे जुन्या क्लबशी भांडून निघू नका. आणि सरांना सरळ विचारा : तुम्ही इथून गेलात तर माझ्या मुलाचं कोण बघेल? त्या माणसाचं नाव आणि नंबर घ्या.

प्रश्न : आम्ही घडवलेला मुलगा पुढे मोठ्या क्लबकडून खेळला तर पैसे कोणाला, क्लबला की गेलेल्या संचालकाला? – एक प्रशिक्षक, पंचवटी

क्लबला. फिफाच्या नियमांत खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली पैसे देऊन झाली तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक हंगामाला एकूण रकमेच्या 0.25 टक्के, 16 ते 23 मधल्या प्रत्येक हंगामाला 0.5 टक्के. मुलगा तुमच्याकडे 13, 14 आणि 15 व्या वर्षी होता आणि पुढे त्याची एक कोटीला परदेशी बदली झाली, तर तीन हंगामांचे 0.75 टक्के, म्हणजे 75,000 रुपये तुमचे. 2022 पासून हे वाटप फिफाच्या क्लिअरिंग हाउसमार्फत, म्हणजे असे पैसे वाटणाऱ्या संस्थेमार्फत, होतं. देशातल्या देशात बदली झाली तर महासंघाचे नियम लागू होतात.

पण हा हिशेब ज्यावरून होतो तो 'खेळाडूचा पासपोर्ट', म्हणजे तो कोणत्या वयात कोणत्या क्लबकडे होता याची नोंद, नोंदणीवरून तयार होतो. मुलगा तीन वर्षं तुमच्या मैदानावर खेळला आणि त्याची नोंदणी झालीच नाही, तर कागदावर तो तुमच्याकडे कधी नव्हताच. दर हंगामाच्या सुरुवातीला बारा वर्षांवरच्या प्रत्येक मुलाची सीआरएस नोंदणी झाली का ते तपासा आणि नोंदणीची प्रत छापून मुलाच्या फाइलमध्ये लावा.