शंका-समाधान : ‘धातू’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझा नातू आठवीत आहे. त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात धातू म्हणजे लोखंड, तांबे, सोने. संस्कृतच्या तासाला गम्, पठ्, लिख् हे धातू. आमच्या वैद्यांच्या बोलण्यात रस-रक्तादी सात धातू. एकदा लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातीतला ‘धातुरोग’ म्हणजे काय, असे त्याने भर गर्दीत विचारले, तेव्हा चर्नी रोड आल्याचे निमित्त करून मी विषय टाळला. एका शब्दाला इतके अर्थ कसे आले? लोखंड-तांबे हा मूळ अर्थ असावा आणि बाकीचे त्यावरून लक्षणेने आले असावेत, असा माझा समज आहे. तो बरोबर आहे का? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपला समज स्वाभाविक आहे, परंतु शब्दाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला आहे. ‘धा’ म्हणजे ठेवणे, धारण करणे. त्याला ‘तु’ हा प्रत्यय लागून ‘धातु’ हा शब्द सिद्ध होतो. विधान, परिधान, निधी, संधी, श्रद्धा ही सगळी याच ‘धा’ची भावंडे आहेत. तेव्हा धातू म्हणजे ज्याच्यावर एखादी वस्तू उभी असते, जे तिला आतून धरून ठेवते, असा तिचा घटक किंवा थर. ऋग्वेदात ‘त्रिधातु’ हे विशेषण तिहेरी, तीन थरांचे, अशा अर्थाने येते. तेथे लोखंडाचा किंवा तांब्याचा काहीच संबंध नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने एका श्लोकात देऊन ठेवलेले आहे. कफ इत्यादी दोष, रस-रक्त इत्यादी शरीरघटक, पंचमहाभूते, त्या भूतांचे गुण, इंद्रिये, ‘अश्मविकृती’ आणि ‘शब्दयोनी’ (शब्दाचे मूळ) असे ‘धातु’ शब्दाचे सात अर्थ त्यात सांगितले आहेत. यांतला ‘अश्मविकृती’ म्हणजे दगडाचा विकार, अर्थात खनिज, हा एकच अर्थ आपल्या नातवाच्या विज्ञानाच्या पुस्तकाजवळ जातो. आणि तोही जवळ जातो इतकेच, तेथे पोहोचत नाही. कारण त्याच कोशात अन्यत्र ‘पर्वतावरचे मनःशिल (एक तांबडे खनिज) वगैरे पदार्थ, आणि विशेषेकरून गेरू’ असा धातूचा खुलासा आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला विरही यक्ष ‘धातुरागैः शिलायाम्’, म्हणजे धातूच्या रंगांनी शिळेवर, आपल्या रुसलेल्या पत्नीचे चित्र काढतो, तेव्हा त्याच्या हातात लोखंडाचा गज नसून गेरूचा खडा असतो. कौटिल्यानेही खाणींच्या अधिकाऱ्याला धातुशास्त्र यावे अशी अपेक्षा केली आहे, पण तेथील धातू म्हणजे मुख्यतः खाणीतून निघणारी कच्ची खनिजे होत.

मग सोन्या-तांब्याला काय म्हणत असत? रसशास्त्राच्या, म्हणजे पारा आणि खनिजे यांपासून औषधे करण्याच्या जुन्या विद्येच्या, ग्रंथांत त्यासाठी ‘लोह’ हा सामान्य शब्द आढळतो. सोने, चांदी, तांबे आणि लोखंड ही शुद्धलोहे, शिसे आणि कथील ही पूतिलोहे, पितळ-कासे ही मिश्रलोहे, अशी त्यांची वर्गवारी आहे. त्याच परंपरेत सोन्या-चांदीपासून लोखंडापर्यंतच्या पदार्थांना ‘सात धातू’ म्हणण्याचाही प्रघात पडला, कारण खनिजाचे नाव खनिजातून गाळून काढलेल्या पदार्थाकडे सरकणे सोपे होते. पुढे पाश्चात्त्य रसायनशास्त्र मराठीत आणताना हाच शब्द हाताशी होता, आणि धातू, अधातू, धातुसदृश अशी आजची परिभाषा रूढ झाली. चकाकी, उष्णता व वीज वाहून नेण्याचा गुण आणि इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकण्याची प्रवृत्ती ही आता धातूची लक्षणे ठरली. पारा द्रवरूप असूनही त्यात बसतो आणि सुरीने कापता येणारे सोडियमही बसते.

वैद्यकातील अर्थ मूळ ‘धारण करणे’ या कल्पनेशी अधिक प्रामाणिक राहिला आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र हे शरीराला धरून ठेवणारे सात धातू, आणि आयुर्वेदाच्या मते आधीच्या धातूपासून पुढचा धातू तयार होत जातो. शुक्र हा या साखळीतला शेवटचा, म्हणून लोकसमजुतीत तो सर्वांत मोलाचा ठरला, आणि बोलीत ‘धातू’ म्हणजे फक्त शुक्र असा अर्थ उरला. रेल्वेच्या डब्यातील जाहिरात याच समजुतीवर पोट भरते. वीर्य गेल्याने शरीर खंगते, या समजुतीला आधुनिक वैद्यकात आधार नाही. मात्र त्या धास्तीने खरोखर आजारी पडणारी माणसे असतात, आणि मनोविकारशास्त्रात त्या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नावही आहे. नातू आठवीत आहे, म्हणजे हे सांगण्याचे त्याचे वय झाले आहे. पुढच्या वेळी चर्नी रोडच्या पुढे जावे लागले तरी चालेल.

व्याकरणात पाणिनीने ‘भूवादयो धातवः’ (‘भू’ इत्यादी ते धातू) असे सूत्र केले आणि धातुपाठात सुमारे 2000 धातू नोंदले गेले. शब्दांचे अख्खे कुटुंब ज्याच्या आधाराने राहते तो घटक, म्हणून तो धातू. मराठीतला ‘घड’ घ्या. घडतो, घडवतो, घडण, घडामोड, आणि झवेरी बाजारातल्या पावतीवर सोन्याच्या भावाखाली येणारी ‘घडणावळ’. त्या एवढ्याशा कागदावर दोन धातू शेजारी शेजारी बसलेले असतात : एकाचे पैसे वजनावर, दुसऱ्याचे कारागिरीवर.

संगीताचाही उल्लेख करायला हवा. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 13व्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त गीताच्या शब्दांना ‘मातु’ आणि स्वररचनेला ‘धातु’ म्हटले आहे; प्रबंध या जुन्या गीतप्रकाराच्या उद्ग्राह, मेलापक, ध्रुव आणि आभोग या भागांनाही ‘धातु’ हीच संज्ञा आहे. पुन्हा तेच, घटक.

आता बौद्ध परंपरा. सहा इंद्रिये, त्यांचे सहा विषय आणि सहा विज्ञाने (म्हणजे त्या त्या इंद्रियाने होणारी जाणीव) मिळून अठरा धातू, ही तेथील तात्त्विक मांडणी. पण मुंबईकराच्या दृष्टीने अधिक जवळचा अर्थ वेगळाच आहे. बुद्धांच्या शरीराचे अवशेष, आणि पुढे त्यांनी वापरलेल्या वस्तूसुद्धा, ‘धातु’ म्हणून पूजिल्या गेल्या. ज्याच्या गर्भात असे अवशेष आहेत ते धातुगर्भ. सिंहली भाषेतला ‘दागब’ त्यावरून आला. पश्चिम रेल्वेने नालासोपाऱ्याला उतरून ज्या स्तूपापर्यंत जाता येते, तो पूर्वी ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाचा एक टेकाडवजा ढिगारा होता. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत दगडी करंडक सापडला. त्याच्या आत तांब्याचा करंडक, तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या पात्राचे काही तुकडे, जे बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजेत आले असावेत असे मानले गेले. हे करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. तांबे, चांदी आणि सोने हे आजच्या अर्थाचे तीन धातू येथे केवळ वेष्टण झाले आहेत, आणि ज्यांना करंडक तयार करणारे लोक ‘धातू’ म्हणत होते, ती आतली खापरे आहेत. आपल्या समजाला याहून नेमके उत्तर मला सुचत नाही.

प्रश्न : खगोलशास्त्रात ऑक्सिजन आणि कार्बन यांनाही धातू म्हणतात, असे माझी मुलगी वरळीच्या तारांगणातून ऐकून आली. तिने चुकीचे ऐकले का? — एक वाचिका, मुलुंड

उत्तर : तिने बरोबर ऐकले. ताऱ्यांचा अभ्यास करणारे लोक हायड्रोजन आणि हीलियम वगळून उरलेल्या सगळ्या मूलद्रव्यांना सरसकट धातू म्हणतात, आणि ताऱ्यातील त्यांच्या प्रमाणाला ‘धातुता’. रसायनाच्या शिक्षकांना हे ऐकून घाम फुटेल, पण त्यामागे सोय आहे. विश्वाच्या आरंभी मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियम हीच दोन मूलद्रव्ये होती. बाकीची बहुतेक नंतर ताऱ्यांच्या पोटात आणि त्यांच्या स्फोटांत तयार झाली. म्हणून धातुता कमी असलेला तारा हा साधारणपणे जुन्या पिढीतला समजतात. आपल्या सूर्याच्या वस्तुमानात असे ‘धातू’ दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. गंमत अशी की ज्या हायड्रोजनला हे लोक धातू म्हणत नाहीत, तोच गुरू ग्रहाच्या पोटातील प्रचंड दाबाखाली वीज वाहून नेणारा, खऱ्या अर्थाने धातुरूप होतो.

प्रश्न : ‘धातू’ लिहावे की ‘धातु’? — एक मुद्रितशोधक, दादर

उत्तर : मराठीत सुटा शब्द दीर्घ, ‘धातू’, आणि विभक्तीतही दीर्घच : धातूला, धातूंचा. हा तत्सम शब्द समासात पहिला आला की तो मूळच्याप्रमाणे ऱ्हस्व राहतो : धातुकोश, धातुसाधित, धातुशास्त्र. संस्कृत अवतरणात अर्थातच ‘धातु’. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या मराठी धातुकोशाची माझ्याकडील प्रत फोर्टातल्या पदपथावर वेल्डिंग आणि लेथकामाच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात मिळाली. विक्रेत्याने लेथच्या पुस्तकांचाच भाव लावला आणि मी त्याला काही समजावून सांगण्याच्या भानगडीत पडलो नाही.