गृहीतक म्हणजे नेमकं काय? ते सिद्ध का नाही करत?

सोप्पं सांगायचं तर जे विधान सिद्ध न करताच सुरुवातीला मान्य करतात आणि पुढचा सगळा तर्क त्यावर उभा करतात, ते गृहीतक. आता सिद्ध का नाही करत, तर काहीही सिद्ध करायचं म्हटलं की आधीची एखादी गोष्ट लागते, तिच्यासाठी अजून आधीची, असं मागे मागे जात बसलं तर शेवटच येणार नाही, म्हणून कुठेतरी थांबून "हे धरून चालू" म्हणावंच लागतं.

बेस्ट उदाहरण युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञाचं. इ.स.पू. 300 च्या आसपास त्याने 5 गृहीतकं धरली आणि त्यांच्या जोरावर भूमिती रचली. त्यातलं पाचवं, समांतर रेषांचं (थोडक्यात, रेषेबाहेरच्या एका बिंदूतून तिला समांतर अशी एकच रेषा काढता येते), लोकांना कायम खटकायचं, वाटायचं की हे बाकीच्या चारांवरून सिद्ध होत असणार, आणि शेकडो वर्षं भलेभले त्यावर डोकं आपटत बसले पण काही जमलं नाही. शेवटी रशियन गणितज्ञ लोबाचेव्हस्कीने 1829 मध्ये आणि हंगेरियन गणितज्ञ बोयाईने 1832 मध्ये, दोघांनी आपापलं स्वतंत्रपणे, ते पाचवं बदलूनच टाकलं आणि वेगळीच भूमिती निघाली, जिच्यात त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा कमी भरते! आणि युक्लिडची भूमिती सुसंगत (म्हणजे तिच्यात आपसात विरोध नसलेली) असेल तर हीपण तितकीच सुसंगत आहे.

त्यामुळे गणितात गृहीतक खरं की खोटं यापेक्षा ते बाकीच्यांशी भांडतंय का आणि त्यातून काय निघतं हे जास्त बघतात. विज्ञानात प्रयोग करून तपासायला जो अंदाज मांडतात तो वेगळा प्रकार, तो चुकला की सरळ फेकून देतात.