विसरली, की ते कधी पक्कं झालंच नव्हतं?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक पुण्यात आता पूर्वीइतके दुर्मीळ राहिलेले नाहीत. त्यांच्यापैकी काही माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, आणि विषय बहुतेक वेळा गणिताचाच असतो. वाचन, किल्ले, पक्षी, चित्रकला, सगळं झकास चाललेलं असतं. गणित मात्र "येतं आणि जातं". ही अशाच एका घराची गोष्ट. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि मुलीला इथे मी चिऊ म्हणणार आहे.

चिऊ साडेदहा वर्षांची. दुसरीनंतर तिची शाळा सुटली, म्हणजे घरच्यांनी विचारपूर्वक सोडवली. आईने त्यासाठी नोकरी सोडली. बाबा घरून काम करतात, पण घरून काम करणारा माणूस घरी असतोच असं नाही, हे ज्याच्या घरात तो आहे त्याला विचारावं. शिवाय आजोबा.

आई म्हणाली, "मॅडम, भागाकार मी तिला तिसऱ्यांदा शिकवतेय. शिकवला की आठवडाभर धडाधड गणितं सोडवते. महिन्याने विचारलं की पाटी कोरी. क्लास लावू का? की हिला काही प्रॉब्लेम आहे, डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे ती गणिताची अध्ययन अक्षमता, वगैरे? की आम्ही शाळा सोडवली तिथेच चुकलं?"

एका दमात तीन प्रश्न. तिसरा सगळ्यात जड, आणि पहिले दोन बऱ्याचदा त्याच्याच पोटातून येतात. शाळेत जाणारं मूल भागाकार विसरलं तर आई शाळेला बोलते, बाईंना बोलते, मोबाइलला बोलते. घरी शिकवणाऱ्या आईला बोलायला समोर कुणीच नसतं, आरसा सोडून. त्यामुळे चुकलेलं प्रत्येक गणित तिला स्वतःच्या निर्णयावर मारलेल्या लाल रेघेसारखं दिसतं. आणि मूल ते बरोबर ओळखतं. चिऊ मला नंतर म्हणाली, "माझं चुकलं ना, की आई काही बोलत नाही. पण तिचा चेहरा बदलतो. मग मला पुढचं सुचतच नाही."

मी आधी वह्या मागितल्या. वह्या भरपूर होत्या. बालभारतीचं पुस्तक, एक परदेशी सराववही, एक ॲप, असं तिन्हीकडचं साहित्य. तिन्हीकडे भागाकाराचा धडा पहिल्यापासून सुरू केलेला आणि तिन्हीकडे सुरुवातीची पानं स्वच्छ, बरोबर. गडबड दिसली ती धड्याच्या शेवटच्या मिश्र उदाहरणांत. तिथे आईच्या हस्ताक्षरात "पुन्हा बघणे" असा शेरा, आणि पुढच्या पानावर परत सोपी उदाहरणं.

मग चिऊला एकटीला बसवलं. मोठमोठ्याने बोलत गणित सोडवायचं, बरोबर-चूक मी काही सांगणार नाही, एवढीच अट. ६५२ भागिले ४ तिने सहज केलं, १६३. पुढे ८२४ भागिले ४. "चार दुणे आठ, दोन. खाली दोन आले. दोनात चार जात नाहीत. म्हणून चार पण खाली घेतले, चोवीस. चार सक चोवीस." उत्तर लिहिलं २६. खरं उत्तर २०६.

वजाबाकी दिली. ५६३ वजा २४८ बरोबर आलं, ३१५. मग ५०३ वजा २४८. तिने तिनाचे तेरा केले, शून्याचे दहा केले, पाचाचे चार केले आणि उत्तर काढलं २६५. खरं उत्तर २५५. मधल्या दहांतला एक दशक तिने एककाला दिला होता, पण दहाचे नऊ करायचे राहिले. ६१२ भागिले ६ चं उत्तर आलं १२, हवं होतं १०२.

भागाकार ती विसरलेली नव्हती. तिला नडत होतं शून्य, आणि तेही आकड्याच्या मधल्या जागेवरचं, मग तो आकडा दिलेला असो की उत्तरातला. जिथे मधे शून्य नाही तिथे ती पक्की, जिथे आहे तिथे घसरते. धड्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत असं शून्य येत नाही, म्हणून "आठवडाभर धडाधड". नंतर मिश्र पानावर ते येतं, दोन-तीन उत्तरं चुकतात, आईला वाटतं सगळंच गेलं, आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनवर. जे येत होतं त्याचा सराव तीनदा झाला, जे येत नव्हतं त्यापर्यंत एकदाही पोहोचणं झालं नाही. पुन्हा शिकवणं म्हणजे उजळणी, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. चिऊच्या आईचा एकटीचा नाही.

उजळणीत मुलाने स्वतः आठवायचं असतं, अर्धवट पुसट झालेलं, थोडं कष्टाने. आईने पुन्हा समजावून सांगितलं की मूल "हो, हो, आलं लक्षात" म्हणतं आणि आठवण्याचे कष्ट वाचतात. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये अर्थहीन अक्षरगट स्वतः पाठ करून करून दाखवलं होतं की शिकलेल्यातलं बरंचसं सुरुवातीलाच गळतं, आणि एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा मधे दिवस सोडून केलेली उजळणी जास्त टिकते. शाळेला मी फार गुण देणारी बाई नाही, पण एक गोष्ट तिथे आपोआप घडते: घटक चाचणी, सहामाही, पुढच्या इयत्तेच्या पुस्तकात सुरुवातीलाच मागच्या वर्षाचं. मुलांना आवडो न आवडो, जुनं परत परत समोर येतं. घरच्या शिक्षणात धडा झाला की झाला. तिथे हे चक्र कुणीतरी हाताने फिरवावं लागतं.

डिस्कॅल्क्युलियाबद्दल. ही शंका झटकून टाकण्यासारखी नसते. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, डिस्कॅल्क्युलिया त्यातच येतो, आणि निदान झालं तर मुलाला परीक्षेत सवलती मिळतात, मदतही मिळते. पण एका प्रकारच्या गणितात घसरणं हे त्याचं लक्षण नव्हे. मी बघते ते असं: या वयातही लहान बेरजा बोटं मोजूनच होतात का, ८७ आणि ७८ यांतला मोठा आकडा पटकन कळतो का, घड्याळ वाचता येतं का, दुकानात किती पैसे परत येतील याचा अंदाज असतो का. चिऊ कोपऱ्यावरच्या वाण्याकडून एकटी सामान आणते आणि सुट्ट्या पैशांचा हिशोब चोख देते. तिच्या बाबतीत तपासणीची घाई नको, असं मी सांगितलं. यांतल्या बऱ्याच गोष्टी अडत असत्या आणि काही महिने नीट सराव करूनही जैसे थे राहिल्या असत्या, तर मीच चाचणीला पाठवलं असतं.

सुट्ट्यांचा हिशोब येतो म्हटल्यावर दार सापडलं होतं. घरात व्यापार खेळाच्या नोटा होत्या. त्यांतल्या शंभराच्या, दहाच्या आणि एकच्या घेतल्या. चिऊकडे पाचशे तीन रुपये: शंभराच्या पाच, दहाची एकही नाही, एकच्या तीन. मला दोनशे अठ्ठेचाळीस दे. ती थबकली. मग तिनेच एक शंभराची मोडून दहाच्या दहा घेतल्या, त्यातली एक मोडून एकच्या दहा घेतल्या, आणि हातातल्या नोटा मोजल्या. "दहाच्या नऊच राहिल्या!" तो नऊ वहीत कुठे लिहायचा, हे मला सांगावं लागलं नाही.

भागाकाराचंही तसंच. आठशे चोवीस रुपये चौघांत वाटायचे. शंभराच्या प्रत्येकी दोन. दहाच्या दोनच आहेत, चौघांना पुरत नाहीत, म्हणून प्रत्येकाला दहाच्या शून्य. ते शून्य लिहायचं, कारण त्या जागेवर वाटप होऊन गेलं, कुणाला काही मिळालं नाही इतकंच. मग दोन दहाच्या मोडा. याच्या जोडीला एक सवय लावली: भागायच्या आधी साधारण उत्तर बोलायचं. आठशेच्या आसपास रक्कम चौघांत, म्हणजे दोनशेच्या आसपास. हे तोंडातून गेलं की २६ लिहिताना हात अडतो.

आईला मी रोजची पंधरा मिनिटं सांगितली, त्याहून जास्त नाही. सहा उदाहरणं. दोन या आठवड्यातली, दोन महिन्यापूर्वीची, एक त्याहूनही जुनं आणि एक शाब्दिक. प्रकार मिसळलेले हवेत, कारण "भागाकार" असं शीर्षक असलेल्या पानावर मुलाला काय करायचं हे ठरवावंच लागत नाही, आणि गणितात निम्मं काम तेच असतं. चुकलेलं उदाहरण कार्डावर लिहून मिठाईच्या रिकाम्या खोक्यात. बरोबर आलं की मागच्या कप्प्यात, म्हणजे उशिरा भेटेल. चुकलं की पुढच्या, म्हणजे उद्याच. सेबास्टियन लायटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत आहे, ॲपवाले आज तीच नव्या कपड्यांत विकतात.

खरी अवघड अट आईसाठी होती. त्या पंधरा मिनिटांत तिने पेन्सिल हातात घ्यायची नाही आणि "अगं, सोप्पंय" म्हणायचं नाही. सोपं म्हटलेलं जमलं नाही तर मुलाच्या पदरी दुहेरी नामुष्की. उत्तर तपासायचं तेही चिऊनेच, उलटा गुणाकार करून. म्हणजे चूक सापडते ती आधी तिला, आईच्या चेहऱ्याला नव्हे. आईला हे जमायला वेळ लागला. पहिल्या आठवड्यात ती उठून ओट्याशी जाऊन उभी राहायची, म्हणाली, समोर बसलं की राहवत नाही. मी म्हटलं, ओट्याशीच उभ्या राहा.

आजोबांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे तोंडपाठ, आणि ते खरोखर कामाचं भांडवल आहे, अपूर्णांक शिकताना तर फारच. पण ते रोज जेवताना अचानक विचारायचे, "सत्तावीस चोक?" घास तोंडात, आणि पोरगी पांढरी. याला उजळणी म्हणत नाहीत, धाड म्हणतात. त्यांना सांगितलं, तुम्ही पावकी म्हणा, मधेच मुद्दाम चुका, तिने पकडायचं. आजोबांना मुद्दाम चुकायचं म्हणजे मोठंच संकट. आधी रुसले, मग करू लागले. जेवताना मात्र अजूनही अधूनमधून विचारतात.

क्लासबद्दल मी "सध्या नको" म्हटलं. बहुतेक क्लास शाळेच्या धड्यांबरोबर चालतात. चिऊ तिथे भागाकार चौथ्यांदा पहिल्यापासून शिकली असती. नेमकी गळती शोधून तिथेच काम करणारं कुणी भेटलं, तर जरूर लावावा. मुलीचं आणि आईचं गणितावरून रोजच वाजत असेल तर तेवढ्यासाठीसुद्धा बाहेरचं माणूस बरं. बाबांची वेगळीच सूचना होती: राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी करताना गणित घेतलंच पाहिजे असं नाही, मग एवढा आटापिटा कशाला? ती सोय खरी आहे. पण त्या परीक्षेला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. साडेदहा वर्षांच्या मुलीसमोर आतापासून हे बोलणं म्हणजे तिला गणित जमणार नाही असा निकाल देऊन ठेवणं. ते तिच्यासमोर बोलायचं बंद करा, एवढं मी स्पष्ट सांगितलं. शाळा सोडवल्याचा निर्णय बरोबर की चूक, यावर मी मत दिलं नाही. त्यावर बोलायचं तर चिऊला मित्रमैत्रिणी किती, आईला स्वतःचा वेळ किती, हे बघून बोलू. शून्याच्या जोरावर नको.

तीनेक महिन्यांनी भागाकार स्थिरावला. सगळं सुरळीत झालं असं नाही. शाब्दिक उदाहरण दिसलं की चिऊ अजून आधी उसासा टाकते, आणि प्रवासात खोका दोन आठवडे तसाच बंद राहिला. पण मधे आईचा मेसेज आला: "दशांश सुरू केलेत. ३.०५ आणि ३.५ एकच म्हणते. हे आपलं तेच शून्य ना? धडा पहिल्यापासून घेत नाहीये." मी लिहिलं, शिवणाची टेप काढा, तीन मीटर पाच सेंटिमीटर आणि तीन मीटर पन्नास सेंटिमीटर अशा दोन सुतळ्या कापायला सांगा, आणि दोन कार्डं खोक्यात टाका.